लाईट तर लागतेय ना!

(डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे जुन्या गाड्यांना पुन्हा दिवस येतात. पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली १६१३, म्हणजे टाटाचा जुना ट्रक, धुऊन-पुसून, टायरात हवा भरून कारखान्याच्या यार्डात नंबरला लागते. रात्रभर टेप वाजतो. पहाटे रांग सरकते, मागचे हॉर्न मारायला लागतात, आणि हिचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता ‘कट्’ करून गप्प बसतो. त्यानंतर जे काही चालतं, त्यावर आज बोलायचंय.

क्लीनर म्हणतो, बॅटरी गेली. ड्रायव्हर म्हणतो, “लाईट तर लागतेय ना!” लावून दाखवतो. समोरच्या ट्रॉलीवर लख्ख उजेड पडतो आणि बॅटरीचा विषय तिथंच मिटतो. मग सेल्फ खाली येतो. कार्बन बदलतात, बुश बदलतात, अर्धा दिवस जातो.

आता तुम्ही जरा हिशोब करा. या गाडीत १२ व्होल्टच्या २ बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. हेडलाईटचे दोन बल्ब मिळून साधारण १४० वॅट धरा. म्हणजे ६ अँपिअरच्या आतबाहेर. आणि सेल्फ? या गाडीचं ६९७ इंजिन म्हणजे ९७ मिलिमीटर बोअरचे ६ सिलिंडर, पावणेसहा लिटरच्या आसपास. त्यात डिझेलचं कॉम्प्रेशन. ते थंडीत फिरवायला शेकडो अँपिअर लागतात. आपण ३०० धरू. बॅटरीच्या पोलावर पांढरी बुरशी धरलीय आणि तिथं फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आलाय. हेडलाईटला त्यातून किती तोटा? ०.१२ व्होल्ट. डोळ्याला कळणारसुद्धा नाही. सेल्फला ३०० अँपिअर ओढायचे झाले तर? ६ व्होल्ट. २४ मधले ६ एका टर्मिनलवरच गेले, बॅटरी दबते ते वेगळंच. म्हणजे लाईट लागते यावरून एवढंच ठरतं की लाईट लागते.

मग बघायचं कसं? मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोलावर, दुसरी त्याच पोलावर आवळलेल्या टर्मिनलवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीवर. दोन्ही एकाच जागी टेकवल्यासारखं वाटतं, पोरं हसतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. काटा जवळजवळ हलायला नको. तिथं दोन-तीन व्होल्ट दिसले तर तुमचा चोर सापडला. सेल्फ मारत असतानाच बघायचं, हे विसरू नका. नुसत्या उभ्या गाडीत सगळी टर्मिनलं निर्दोष असतात.

हेच अर्थच्या, म्हणजे करंट परत येतो त्या बाजूला करा, बॅटरीच्या निगेटिव्ह पोलापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चेसिसला त्याचा विजेचा संबंध म्हणजे एक विणलेली तांब्याची पट्टी. क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स उतरवला की ही पट्टी सुटते, आणि परत बसवताना रंगावर, गंजावर, कधी बोल्ट अर्धा सोडून बसते. कधी बसतच नाही. मग करंट परतीला दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर स्टॉपची वायर, म्हणजे केबिनमधून ओढून इंजिन बंद करायची तार, हाताला गरम लागली तर थांबा. ती बिचारी बॅटरीच्या केबलचं काम करतेय.

स्टॉपच्या वायरीचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. सेल्फ झकास फिरतो, गाडी काही पकडत नाही. इथं लोक थेट पंपावर, म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपावर जातात. त्याआधी एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाकडे जा. पांढरा धूर येतोय? डिझेल आत जातंय, पण पेटत नाहीये. तो वेगळा रस्ता. धुराची रेघही नाही? मग डिझेल सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचतच नाही, आणि ते कुठं अडलंय हे अजून कुणालाच ठाऊक नाही. पंपालाही नाही.

पहिल्यांदा पंपावरच्या स्टॉपच्या लिव्हरला बोट लावा. केबिनमधली मूठ आत गेली म्हणजे लिव्हर मागं आला असं नसतं. चार महिने उभ्या गाडीची वायर नळीत गंजते. ओढताना ताणून येते, ढकलताना मध्येच दुमडते. मूठ आत, लिव्हर बंदवरच. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की स्टॉपची मूठ आत ढकललीय, आणि तो खोटं बोलत नसतो.

टाकीत काठी घाला. डिझेलचा काटा अर्ध्यावर दाखवतो तो टाकीतला फ्लोट अडकल्यामुळेही. यार्डातल्या उतारावर तळातलं डिझेल एका कोपऱ्यात जातं आणि पाईप कोरडा पडतो, तेही बघा.

मग हवा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारा. फेस येत राहिला तर टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये कुठंतरी हवा शिरतेय. लोक इथं ओल शोधतात, कुठं डिझेल गळतंय का बघतात. सापडत नाही, कारण चालू गाडीत या भागात दाब नसतो, ओढ असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि पाईप वरून अगदी कोरडा ठणठणीत दिसतो. बहुतेकदा पाईप जोडणाऱ्या पोकळ बांजो बोल्टखालचा जुनाच तांब्याचा वॉशर पुन्हा वापरलेला असतो. संशय असेल तर तेवढ्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे पळताना दिसतील.

आता मला खरं सांगायचं होतं ते हे. एवढ्या साध्या गोष्टी चांगल्या, जुन्या मिस्त्रीच्या हातून का सुटतात? आळस, घाई, हे सगळं आहेच, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. समजा पंप उतरवला, कॅलिब्रेशनला पाठवला, हजारोंचं बिल झालं. पंप परत आला. बसवताना नवे वॉशर टाकले, पाईप आवळले, लिव्हरची वायर सोडून पुन्हा जोडली, हवा काढली. गाडी अर्ध्या सेल्फात सुरू! मालक खूश, मिस्त्री खूश, आणि दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं की पंपच गेला होता. सेल्फचंही तसंच. सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीची टर्मिनलं काढावीच लागतात, बसवताना कुणीतरी ती पॉलिश पेपरनं घासतं. मोठ्या कामाच्या पोटात छोटं काम होऊन जातं आणि श्रेय मोठ्याला मिळतं. असं वर्षानुवर्षं झालं की मिस्त्रीचा अनुभव वाढतो, पण चुकीचा वाढतो. पुढच्या गाडीला तो आणखी आत्मविश्वासानं पंप उतरवतो. त्याला अडाणी म्हणू नका, त्याच्यासमोर पुरावाच तसा आला.

म्हणून काहीही सोडण्याआधी मोजा, आणि आकडा लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सेल्फ मारा. ड्रायव्हरला ‘काय झालं’ विचारण्याआधी ‘शेवटचं काम काय केलं होतं’ हे विचारा. क्लच म्हणाला तर आधी पट्टीकडे जा, फिल्टर म्हणाला तर वॉशरकडे.

मघाशी मागून एकानं विचारलं, सर, टर्मिनल घासायचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. पंपाच्या बिलाला मालक कां-कूं करत नाही, पण दहा मिनिटांत गाडी सुरू झाली की त्याला वाटतं, यात काय केलं यानं! माझी पद्धत सांगतो. बोनेट उघडायच्या आधी तपासणीचे पैसे ठरवायचे, गाडी दहा मिनिटांत सुरू होवो की दोन दिवसांत. आणि बिलावर ‘टर्मिनल साफ’ असं लिहायचं नाही. लिहायचं: सेल्फ मारताना पॉझिटिव्ह टर्मिनलवर ३.४ व्होल्ट पडत होते, कामानंतर ०.१. वाटलं तर मालकाला मीटर हातात देऊन स्वतः बघू द्या.