संन्याशांच्या मठातला मधुचंद्र

दक्षिण इटलीतील सालेर्नो शहराहून पश्चिमेकडे निघालेली बोट आमाल्फी या किनारी गावाच्या बंदरात शिरण्यापूर्वी एका टोकाला वळसा घालते. त्या टोकावर समुद्रात पाय रोवून उभा असलेला गोल दगडी बुरूज दिसतो आणि त्याच्या वर, रस्त्याच्या पलीकडे, कड्याला बिलगलेली एक जुनी इमारत दिसते. बुरूज सोळाव्या शतकातला, उत्तर आफ्रिकेकडून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. इमारत मात्र त्याहूनही जुनी आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२२ साली येथे मठ स्थापन केला, असे परंपरा सांगते. बरोबर सहाशे वर्षांनी, १८२२ मध्ये, त्या मठाचे हॉटेल झाले. त्याचे नाव लूना कॉन्व्हेंतो. इटालियन भाषेत लूना म्हणजे चंद्र आणि कॉन्व्हेंतो म्हणजे मठ.

आत शिरल्यावर प्रथम लागते ती ओवरी. मधोमध मोकळे अंगण आणि त्याभोवती बारीक खांबांवर तोललेल्या कमानी, अशी तेराव्या शतकातली ही रचना आहे. जुन्या भागातील खोल्या म्हणजे मुळात साधूंच्या राहण्याच्या जागा. एका माणसाला झोपण्यापुरती आणि प्रार्थनेपुरती जागा हवी, एवढाच हिशेब त्यामागे होता. आज त्याच जागांमध्ये जगभरातून आलेली नवविवाहित जोडपी उतरतात. जाड दगडी भिंतींमुळे दुपारच्या उन्हातही आत गारवा राहतो आणि खिडकी उघडली की समोर समुद्राशिवाय दुसरे काहीही नसते.

ही गोष्ट केवळ या एका हॉटेलापुरती नाही. आमाल्फीच्याच पश्चिमेकडील कड्यावर असलेला कापुचिन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठही आता हॉटेल झाला आहे. जवळच्या कोंका देई मारिनी या गावातील सांता रोझा मठात डॉमिनिकन पंथाच्या जोगिणी राहत असत. पापुद्र्यांची प्रसिद्ध ‘स्फोल्यातेल्ला’ ही मिठाई त्यांच्याच स्वयंपाकघरात जन्मली, असे सांगतात. तेथेही आता पाहुणे राहतात. ज्यांनी संसाराकडे पाठ फिरवली, त्यांनीच या किनाऱ्यावरील सर्वांत देखण्या जागा हेरून ठेवल्या होत्या, हे येथे राहताना वारंवार जाणवते.

मात्र चित्रांतून मनात ठसलेला समुद्रकिनारा येथे शोधू नये. कोकणातील लांबलचक पुळणीची सवय असलेल्या माणसाला आमाल्फीचा गोट्यांचा, करड्या रंगाचा चिंचोळा किनारा पाहून प्रथम थोडी निराशाच वाटेल. त्यातील बराचसा भाग छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्यांच्या ताब्यात असतो. या गावाला रेल्वे नाही. डोंगर कोरून काढलेल्या एकमेव किनारी रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन बसगाड्यांनी एकमेकींना वाट देणे हा एक सोहळाच असतो, आणि वळणावळणावर वाजणारे त्यांचे भोंगे समुद्राकडच्या खोलीतही ऐकू येतात. हॉटेलात पोचताच पासपोर्ट मागितला जातो, कारण प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवणे इटलीत बंधनकारक आहे. खोलीच्या भाड्याखेरीज माणशी आणि दर रात्रीप्रमाणे नगरपालिकेचा करही द्यावा लागतो.

एवढे झाल्यावर मात्र माणूस निवांत होतो. डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर चेस्टनटच्या लाकडी मांडवांखाली लिंबाच्या बागा आहेत. येथील लिंबू लांबट, दोन्ही टोकांना निमुळते आणि जाड सालीचे असते. त्याला ‘स्फुसातो’ म्हणतात. त्याच्या सालीचे लिमोन्चेल्लो हे मद्य जेवणानंतर थंडगार दिले जाते. गावात शतकानुशतके चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद तयार होत आला आहे आणि त्यावर आजही लग्नपत्रिका छापल्या जातात.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर या हॉटेलातील सर्वांत प्रसिद्ध पाहुण्याचा उल्लेख करायला हवा. १८७९ च्या उन्हाळ्यात नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन, पत्नी सुझाना आणि मुलगा सिगुर्ड यांच्यासह, रोमहून येथे येऊन राहिले. त्या मुक्कामात त्यांनी जे नाटक पूर्ण केले, ते ‘अ डॉल्स हाउस’. नवरा आणि तीन मुले यांना सोडून, दार ओढून घेऊन घराबाहेर पडणारी त्याची नायिका नोरा या कड्यावर लिहिली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाटक कोपनहेगनला प्रसिद्ध झाले, रंगमंचावरही आले आणि त्या दाराच्या आवाजाने युरोप हादरला. मराठीत अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ या नावाने आणले. मधुचंद्रासाठी येथे येणाऱ्या किती जोडप्यांना हे ठाऊक असते, कोण जाणे. पण मठाच्या त्या शांततेत संसाराकडे दुरून पाहणे इब्सेन यांना सोपे गेले असावे, असे ओवरीत बसल्यावर वाटून जाते.

येथे उन्हाळ्यात सूर्य समुद्रात बुडत नाही. तो मागच्या डोंगराआड जातो आणि गावावर लवकर सावली येते. बंदरातील शेवटची बोट सुटते, रस्त्यावरचे भोंगे विरळ होतात. शेजारच्या आतराणी गावाच्या बाजूला एकेक दिवा लागू लागतो. पौर्णिमेची रात्र असेल, तर थोड्याच वेळात बुरुजाच्या डावीकडे पाणी उजळू लागते आणि आधी तांबूस, मग पिवळा होत, हॉटेलाच्या नावातला चंद्र समुद्रातून वर येतो.