बोली लावण्याआधी: जुन्या आर्केड यंत्रांच्या लिलावात काय पाहावे

[दृश्य: लिलावाचे दालन, ओळीने उभी केलेली यंत्रे]

लिलावाच्या दालनात मांडलेल्या या आर्केड यंत्रांवर, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या उभ्या यंत्रांवर, नजर टाकली की ती आधी थबकते माथ्यावरच्या उजळलेल्या नावफलकांवर, आणि विक्रेत्यालाही तेच हवे असते. त्या रंगीत फलकामागे बहुधा एक साधी ट्यूबलाइट असते. ती पेटली याचा अर्थ यंत्रापर्यंत वीज पोहोचते आहे, एवढाच. घरच्या संग्रहासाठी यंत्र घेणाऱ्याने मात्र टॉर्च काढून आधी तळाशी वाकून पाहावे.

ही यंत्रे मुळात घरासाठी बनलेलीच नव्हती. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला, १९७८ साली टाइटोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली नामकोचा ‘पॅक-मॅन’. या काळात नाण्यांवर चालणाऱ्या खेळांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. यंत्रांचे मालक ती ठिकठिकाणी बसवत, एका जागी कमाई घटली की दुसरीकडे हलवत, आणि खेळ जुना झाला की त्याच कॅबिनेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या लाकडी पेटीत, नवा खेळ बसवून पुन्हा नाणी गोळा करत. त्यामुळे लिलावात येणारे जवळजवळ प्रत्येक यंत्र भरपूर राबलेले असते. त्यात काहीतरी बिघडलेले असणारच. पण बोलीचा आकडा ठरवताना काय बिघडले आहे यापेक्षा कोणता भाग पुन्हा मिळणार नाही, याचा विचार जास्त करावा, असे आमचे मत आहे.

[दृश्य: कॅबिनेटचा तळ, टॉर्चचा झोत]

लाकडापासून सुरुवात करू. कॅबिनेट प्लायवूडचे असते किंवा पार्टिकल बोर्डचे. ज्या जागेत वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने फरशी पुसली गेली, तिथे उभ्या असलेल्या पार्टिकल बोर्डच्या खालच्या कडा पाणी शोषून फुगतात, बाजूचे चित्र तिथून सुटू लागते, आणि बोटाने जरा दाबले की भुसा गळतो. असा तळ दुरुस्त करायचा म्हणजे सुतारकाम आलेच, शिवाय बाजूचे मूळ छापील चित्र वाचवता आले तर नशीब. जॉयस्टिक, बटणे, मायक्रोस्विच हे भाग कितीही खिळखिळे झालेले असोत, त्यांच्यामुळे बोली कमी करण्याचे कारण नाही. ते सहज मिळतात आणि एका दुपारी बदलून होतात.

पडद्याची गोष्ट वेगळी आहे. पिक्चर ट्यूबचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन थांबलेले असल्याने ट्यूब चांगली असणे हीच खरी मिळकत. यंत्र बंद असताना काचेवर तिरकी टॉर्च मारून पाहावी: एकच खेळ वर्षानुवर्षे चालला असेल, तर त्याची कायमची छाप काचेच्या आतल्या लेपावर उमटलेली दिसते. ‘पॅक-मॅन’चा निळा भुलभुलैया दुसऱ्याच खेळाच्या पार्श्वभूमीवर भुतासारखा दिसतो तो यामुळेच.

[दृश्य: काळा पडदा, मधोमध एक तेजस्वी आडवी रेघ]

हा पडदा पाहून बरेच बोलीदार ते यंत्र सोडून पुढच्याकडे वळतात. वास्तविक मधोमध दिसणारी ही एकच आडवी रेघ सांगते की ट्यूब जिवंत आहे, उच्च दाबाची वीज तयार होते आहे, आणि बिघाड चित्र उभे पसरवणाऱ्या भागापुरता आहे. तो दोष पुष्कळदा वाळलेल्या कपॅसिटरचा, तडकलेल्या सोल्डरचा किंवा एखाद्या चिपचा निघतो. पडदा पूर्ण काळा असेल, तरी नाणे टाकून खेळ सुरू करून पाहावा. आवाज नीट येत असतील तर खेळ चालवणारा आतला सर्किट बोर्ड बहुधा शाबूत आहे. मात्र पाहणीच्या वेळी मागचे दार उघडले तरी आत हात घालू नये. रंगीत ट्यूबवर सुमारे २०,००० व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यानंतरही तो भार बराच काळ टिकून राहू शकतो.

आता यंत्राच्या ओळखीचा प्रश्न. १९८५ साली जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ हा ५६ पिनांचा सामाईक कनेक्टर ठरवून दिला, आणि त्यानंतर बोर्ड काढून दुसरा बसवणे अगदी सोपे झाले. यंत्रांच्या मालकांची सोय झाली, पण संग्राहकांच्या वाट्याला जुन्या खेळाच्या चित्रांवर काळा रंग फासलेली कॅबिनेट आली. मागच्या बाजूची क्रमांकाची पट्टी, कंट्रोल पॅनलवर बुजवलेली जुनी भोके आणि रंगाखाली उठून दिसणाऱ्या चित्राच्या कडा पाहिल्या, की आधी तिथे कोणता खेळ होता ते कळू शकते. रूपांतर झाले की मोल घटते, हा नियम सरसकट लागू होत नाही. १९८१ साली निन्टेंडोने अमेरिकेत न खपलेली ‘रेडार स्कोप’ची यंत्रे ‘डाँकी काँग’मध्ये बदलली, त्यांची लाल कॅबिनेट आज संग्राहक मुद्दाम शोधतात.

बोर्डावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बॅटरी. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळतात आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतात. हिरवट-पांढरा थर दिसला तर तो किती दूर पसरला आहे ते पाहावे. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या ‘सीपी सिस्टिम २’ बोर्डांत तर खेळ उलगडण्याची सांकेतिक चावीच बॅटरीच्या आधाराने जपलेली असे आणि बॅटरी संपली की खेळ कायमचा बंद पडे. ती चावी पुन्हा भरण्याचा मार्ग आता सापडला आहे, म्हणून असे मृत बोर्ड अगदीच टाकाऊ राहिलेले नाहीत. दुसरी गोष्ट अस्सलपणाची: नकली बोर्ड त्या काळीही भरपूर बनत, आणि उत्पादकाचे नाव कुठेच छापलेले नसेल तर संशय घ्यायला जागा असते.

[दृश्य: लिलावदार, वर होणारे हात]

लिलावाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून ते आधी वाचावेत. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलाव करणाऱ्यांचे कमिशन चढते. आपली कमाल बोली ते धरूनच ठरवावी. ‘आहे त्या स्थितीत’ विकलेल्या यंत्राबद्दल नंतर तक्रार चालत नाही, आणि ‘परवापर्यंत चालू होते’ हे वाक्य तर कोणत्याही लिलावात ऐकायला मिळतेच. किल्ली नसणे हा किरकोळ दोष आहे, कारण कुलूप ड्रिलने काढता येते. त्या दारामागे नेमके काय आहे हे न पाहता मोठी बोली लावणे मात्र धाडसाचे आहे. यंत्र किती वेळात उचलून न्यावे लागेल, हेही विचारून घ्यावे. उभे यंत्र साधारण १८० सेंटिमीटर उंच आणि ६५ सेंटिमीटर रुंद असते, वजन १०० किलोच्या वर जाते; घराचे दार आणि जिन्याचे वळण मोजून ठेवले नसेल तर जिंकलेली बोली अंगणात अडकून पडते.

[दृश्य: घरातील टेबल, मल्टिमीटर]

घरी आणल्यावर यंत्र लगेच प्लगला लावू नये. आधी वायरीचा अर्थिंगचा पिन कोणी कापलेला नाही ना आणि फ्यूज योग्य क्षमतेचा आहे ना, हे पाहावे. मग पॉवर सप्लायचा दाब मल्टिमीटरने तपासावा. बोर्डाला लागणारे ५ व्होल्ट जागेवर असतील तरच बोर्ड जोडावा, कारण दाब बराच वाढलेला असेल तर चांगल्या चिपाही जळतात. गळकी बॅटरी त्याच दिवशी काढावी आणि तो भाग व्हिनेगरने पुसून, धुऊन पूर्ण वाळू द्यावा. बदललेले मूळ भाग फेकू नयेत. चिठ्ठी लावून कॅबिनेटच्याच तळाशी डब्यात ठेवावेत, म्हणजे हेच यंत्र पुढे विकायला काढले, तर खरेदीदाराला दाखवायला ते हाताशी राहतील.