तेवढा साडीगार्ड काढून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

नवी मोटारसायकल घ्यायला आलेला पोरगा शोरूममध्ये काय सांगतो, ऐकलंय कधी? गाडीला हार घालायचाय, पेढे अजून वाटायचेत, आणि हा मेकॅनिकच्या कानाशी जाऊन म्हणतो, "दादा, तेवढा साडीगार्ड काढून ठेवा." का, तर त्याच्यामुळे गाडी काकांची दिसते. मेकॅनिक सरावलेला असतो. दोन-तीन बोल्ट सुटतात आणि जाळी थेट माळ्यावर. मग यथावकाश लग्न ठरतं. एका रविवारी तीच जाळी खाली उतरते, फडक्यानं पुसली जाते, आणि नवरदेव गुपचूप पाना शोधायला लागतो.

खरं तर ती जाळी हौसेची नाहीच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १२३ वा नियम. मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. कपडे कुणाचेही. ओढणी, रेनकोटचं लोंबतं टोक, कडेला बसलेल्या आजीचा पदर, चाकाला सगळं सारखंच.

मोटारसायकलवाल्यांच्या नकाराची गंमत अशी की तो उपयोगावरून क्वचितच असतो. बहुतेक वेळा आपण कसे दिसू, यावरून असतो. पुढे ती वस्तू पटते, तेव्हा मात्र कुणी जाहीर कबुली देत नाही. वस्तू नुसती गाडीवर राहते.

सेल्फ-स्टार्टचंच बघा. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किकची कटकट नाही, बटण दाबलं की गाडी चालू. पुरुषमंडळींनी नाक मुरडलं, ही बायकांची गाडी. बुलेटवाल्यांचा ताठा तर विचारूच नका. जुन्या बुलेटची किक ही एक साधनाच होती. किक हळूहळू दाबत न्यायची, डोळा अँपिअरच्या काट्यावर. काटा मधोमध आला की इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, आणि मग सगळं वजन टाकून एकच लाथ. अंदाज चुकला तर किक उलटी यायची आणि नडगीवर अशी बसायची की आठवडाभर चालताना लक्षात राहावी. जमलं की गल्ली बघायची. त्यामुळे बुलेटला बटण आलं, तेव्हा 'आता काय राहिलं बुलेटमध्ये' हा सूर निघणारच होता. पण खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रकांचे हॉर्न, मागच्या सीटवर मंडळी आणि गाडी बंद पडलेली, अशा वेळी साधना कुणाला सुचते? २०२१ ची नवी रॉयल एनफील्ड क्लासिक आणि २०२३ ची नवी बुलेट, दोन्हींमधून किक पार गेली. आता तक्रार उलटी आहे, बॅटरी उतरली तर करायचं काय? तक्रार रास्त वाटते. मात्र आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल फवाऱ्यानं इंजिनात सोडणाऱ्या गाडीत पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर चालतो. बॅटरी अगदीच मेली असेल, तर किक असून तरी काय होणार होतं?

हेल्मेटबद्दल पुण्याहून बोलायचं म्हणजे जपून बोलायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये सक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा शहरात आंदोलनं झाली. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, शहरात कुठे एवढा वेग असतो, ही सगळी कारणं आपण ऐकली आहेत, काहींनी दिलीही आहेत. पुणेकरांचं चुकलं म्हणावं तर हा वाद शंभर वर्षांहून जुना. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या रेसट्रॅकवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याला मार लागलेले रायडर बघून बघून त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचं शिरस्त्राण करवून घेतलं. १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटारसायकलींच्या टीटी शर्यतीत ते सक्तीचं झालं, आणि रायडरांनी ओरड केली. जगाच्या पाठीवर कुठेही जा, रायडर तो रायडरच! शर्यतीनंतर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं कळवलं, दरवर्षी डोक्याला मार बसलेले काही रोचक रुग्ण मिळायचे, यंदा एकही नाही. आपल्याकडे अजूनही बरीच हेल्मेटं कोपराला लटकलेली दिसतात. कोपर सुखरूप राहतं, एवढं मान्य.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम पेटता ठेवायचा नियम आला. त्यानंतरचं वर्ष आठवा. समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची मूठ उघडमीट करून दाखवायचा, "दादा, लाईट चालू आहे!" किती परोपकार! सिग्नलला शेजारचे काका थांबून सांगायचे, बॅटरी उतरेल हो. आता भर दुपारी गाडी ओव्हरटेक करताना समोरून येणारा तो ठिपका लांबूनच दिसतो, आणि हात दाखवणारेही जवळपास संपले.

विंडशील्डला मात्र मी स्वतः फार हसलो आहे. काचेमागं बसून मोटारसायकल कसली चालवायची, हा माझा बाणा. पण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. चाळीसचा तुम्ही ऐंशी केलात, की छातीवर सतत कुणीतरी हात लावून ढकलत असतं. पुण्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत खांदे आणि मान त्याचा हिशेब मागतात. काच लावल्यापासून कागलच्या पुढेही जावंसं वाटतं. घेताना उंची तेवढी बघा. काचेची वरची कड साधारण नाकाच्या खाली हवी, म्हणजे नजर काचेवरून जाते. पावसात, चिखलाच्या शिंतोड्यांत काचेतून बघावं लागलं तर हाल. अगदीच बुटकी काच घेतलीत, तर वारा उसळून नेमका हेल्मेटवर येतो आणि डोकं गदागदा हलतं. त्यापेक्षा काच नसलेली बरी.

जाता जाता, प्रत्येक नकार मोडायलाच हवा असं नाही. समोरच्याला आंधळं करणारे पांढरे दिवे आणि कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, यांना विरोध चालू राहू द्या.

सध्या हसं होण्याची पाळी एअरबॅगच्या जाकिटाची आहे. त्यातल्या साध्या प्रकारात जाकिटाचा एक दोर गाडीला अडकवलेला असतो. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोराला हिसका बसतो, गॅसची छोटी नळकांडी फुटते आणि क्षणात मान, छाती, पाठ यांच्याभोवती हवेची गादी तयार होते. मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतीच्या रेसरांना २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. आपल्याकडे पेट्रोलपंपावर असं जाकीट दिसलं की लोक विचारतात, "काय, लढाईला निघालात का?" आणि हो, दोर सोडायला विसरून गाडीवरून उतरलात, तरी सहसा ते फुगत नाही. त्याला चांगला जोराचा हिसका लागतो. फक्त गाडी तुम्हाला मागे ओढते, आणि पंपावरच्या लोकांना हसायला आणखी एक कारण मिळतं.

नमस्कार.