पॉझिटिव्ह निघाली तर काय देणार?

मित्रहो, गुरांच्या दवाखान्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातला एक प्रसंग आधी सांगतो. एका गावात गाभण गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकत होत्या. लक्षणं ब्रुसेल्लोसिसची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या आणि जनावरांतून माणसालाही होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची. रक्ताचे नमुने घ्यायला मी एका गोठ्यात शिरलो. मालकीणबाई नुकत्याच धार काढून उठल्या होत्या, कासंडी अजून हातात होती. दुसरा हात गाईच्या पाठीवर ठेवून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ही पॉझिटिव्ह निघाली तर तुम्ही काय देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेगळी बांधा, गाभाबरोबर पडलेली वार उघड्या हातानं उचलू नका, दूध उकळून प्या, एवढं सांगून मी निघालो. अहवाल आला तोवर तो खुंटा रिकामा झाला होता. गाय बाजारात गेली, आणि तिच्याबरोबर रोग दुसऱ्या कुणाच्या तरी दावणीला गेला. त्या बाईंना मी आजही दोष देत नाही. त्या गाईवर त्यांचं घर चालत होतं.

जनावर आजारी पडल्याचं सगळ्यात आधी मालकाला कळतं. त्यानं सांगितलं तर रोग तिथंच अडवता येतो, त्यानं लपवलं तर सरकारी यंत्रणा रोगाच्या मागं नुसती धावत राहते. म्हणून नुकसानभरपाईला मी मदत म्हणत नाही. शेतकऱ्यानं वेळेवर दिलेल्या खबरीचा तो मोबदला आहे.

ब्रिटनला हे हात पोळल्यावर समजलं. १८६५ साली बाल्टिक किनाऱ्यावरून आलेल्या गुरांबरोबर बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, इंग्लंडच्या हल बंदरात उतरली आणि लंडनच्या गुरांच्या बाजारात पोचली. निरीक्षकांना आजारी जनावर मारायचा अधिकार मिळाला, मालकाला मात्र दमडी मिळायची नाही. मग लोकांनी जनावरं लपवली, संशय येताच घाईनं विकली. शेवटी फेब्रुवारी १८६६ मध्ये कायदा झाला. आजारी जनावर मारलं तर किमतीच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त २० पौंड. आणि त्याच्या शेजारी बांधलेलं, अजून धडधाकट असलेलं जनावर मारावं लागलं तर पाऊण किमतीपर्यंत, जास्तीत जास्त २५ पौंड. हा फरक नीट पाहा. लवकर कळवलं तर गोठ्यातली जास्त जनावरं पाऊण दरात बसणार, उशीर केला तर निम्म्या दरात. त्या वेळचे खासदार आणि अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी पार्लमेंटात यावर हरकत घेतली होती: गुरं कमी झाली की भाव चढणार, मग शेतकऱ्याला दोनदा भरपाई कशाला? हिशेब म्हणून त्यात तथ्य आहे. पण चढ्या भावाचा फायदा ज्याची गुरं वाचली त्याला होतो. ज्याची दावण रिकामी झाली त्याला तोच भाव मोजून नवं जनावर आणावं लागतं.

पैसे दिले म्हणजे सगळं भरून निघतं असंही नाही. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशाच्या न्गामीलँड जिल्ह्यात १९९५ साली गुरांचा संसर्गजन्य फुफ्फुसदाह आला. युरोपला जाणारं गोमांस वाचवण्यासाठी सरकारनं त्या जिल्ह्यातली सगळी गुरं, सुमारे ३ लाख २० हजार, मारली. भरपाई दिली, तरीही तिथल्या लहान मुलांमधलं कुपोषण वाढलं. गोठ्यातलं रोजचं दूध एका रकमेत कसं मोजणार?

आपल्याकडे गाय मारून रोग संपवणं लोकांच्या मनात बसत नाही. बुळकांडी आपण मुख्यतः लसीच्या जोरावर घालवली, आणि २०११ मध्ये ती जगातून गेली. २०२२ च्या लंपीत जनावरं रोगानं मेली. राज्य सरकारनं दुधाळ जनावरामागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये दिले. ते दिले हे चांगलंच झालं. पण चांगल्या दुधाची संकरित गाय तीस हजारांत कोणत्या बाजारात मिळते? आणि बैल एकटा मरत नाही, जोड मोडते. उरलेल्याला औताला जोडीदार मिळेपर्यंत पेरणी निघून जाते. शिवाय रोग पसरू नये म्हणून बाजार बंद ठेवले. ते बरोबरच होतं, पण लेकीच्या लग्नासाठी खोंड विकायला काढलेल्या माणसाचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात आलं नाही.

ब्रुसेल्लोसिससाठी आज चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस देतात. त्या कालवडी सुरक्षित होतील. पण आज दावणीला असलेल्या पॉझिटिव्ह गाईचं काय? माझं म्हणणं असं की ती सरकारनं बाजारभावानं घ्यावी, वेगळ्या गोठ्यात शेवटपर्यंत सांभाळावी, आणि जो आपण होऊन तपासणीला पुढं येईल त्याला दर चढा द्यावा. पैसे गाय नेतानाच हातात पडावेत. नमुना घ्यायला जाणाऱ्या डॉक्टरच्या पिशवीत सुई आणि नळ्यांबरोबर त्या दराचा कागद असावा, म्हणजे गोठ्यात कुणी विचारलं की त्याला तिथंच आकडा सांगता येईल.