बुटांचा दंड आणि डेडहॅमचं घर

नमस्कार, श्रोतेहो.

१६५२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत जोनास फेअरबँक्स नावाच्या एका तरुणाला दंड झाला. गुन्हा काय, तर पायात मोठे बूट घातले. बूट चोरीचे नव्हते, स्वतःचेच होते. पण आदल्याच वर्षी वसाहतीनं कायदा केला होता की, ज्याची मालमत्ता दोनशे पौंडांच्या वर नाही त्यानं कपड्यांना सोन्या-चांदीची किनार लावायची नाही, मोठे बूट मिरवायचे नाहीत, आणि त्याच्या घरच्या बायकांनी रेशमी टोपरी घालायची नाहीत. जोनासची ऐपत तेवढी नव्हती, हौस मात्र होती. पकडला गेला.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो, आणि मग आमच्या घरचा कुलवृत्तांत काढून बसलो. चांगला जाड ग्रंथ आहे. सगळी माणसं त्यात कशी आहेत? मनमिळाऊ, दानशूर, करारी, आणि ज्यांच्याबद्दल काहीच सांगण्यासारखं नाही ते 'धार्मिक वृत्तीचे'. पावणेतीनशे वर्षांत आमच्यापैकी एकालाही कधी दंड झालेला नाही! कारण सरळ आहे. माहिती घराण्यानंच दिली, घराण्यातल्याच कोणीतरी छापली. जोनासचे बूट मात्र आले कोर्टाच्या दप्तरातून. ते दप्तर ठेवणाऱ्याला फेअरबँक्सांच्या अब्रूशी काही देणंघेणं नव्हतं.

तर आज या फेअरबँक्स घराण्याबद्दल बोलू या.

मूळपुरुष जोनाथन फेअरबँक्स, जोनासचा बाप. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात हॅलिफॅक्सजवळ सोवर्बी नावाचं गाव आहे, तिथला. बायको ग्रेस आणि मुलं घेऊन तो १६३३ मध्ये बॉस्टनला उतरला. मुलं सहा : जॉन, जॉर्ज, मेरी, सुसान, जोनास आणि बापाचंच नाव लावणारा धाकटा जोनाथन. बापाचं नाव मुलाला ठेवायची ही पद्धत वंशावळ लावणाऱ्याचा घाम काढते. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला येतं, निदान मध्ये एक पिढी श्वास घ्यायला मिळते.

तीनेक वर्षांत जोनाथन बॉस्टनच्या नैर्ऋत्येला डेडहॅम या नव्या वस्तीत गेला. वसाहतकऱ्यांनी या गावासाठी मागितलेलं नाव होतं 'समाधान'. वसाहतीच्या सरकारला ते पसंत पडलं नाही आणि इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव लागलं. नाव गेलं, तरी कल्पना त्यांनी सोडली नाही. गावात येणाऱ्या प्रत्येकानं एका करारावर सही करायची. करारात लिहिलं होतं की आपापसात प्रेमानं राहू, विरुद्ध मताच्या माणसाला गावात घेणार नाही, भांडण झालं तर आपल्यातल्याच दोघातिघांपुढे नेऊन मिटवू. म्हणजे पंचांपुढे. प्रत्येकानं आपल्या वाट्याचा पैसा द्यायचा, आणि हे सगळं पुढच्या पिढ्यांवरही बंधनकारक. १६३७ मध्ये जोनाथननं सही केली. लग्न झालेल्या माणसाला घरासाठी बारा एकर, सड्याला आठ एकर असा जमिनीचा हिशेब होता.

करारावर सही केली खरी, पण चर्चचा सभासद व्हायला हा गृहस्थ तयार होईना. त्या काळी चर्चमध्ये जायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून आपल्याला देवाची प्रचीती कशी आली ते सांगावं लागे. जोनाथनला ते जाहीर बोलणं खटकत होतं. वसाहतीच्या कारभारात मत द्यायचं तर चर्चचं सभासदत्व लागे, तरीही तो अडून राहिला. १६४६ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी, त्यानं ते केलं. मला हा माणूस इथे आवडायला लागतो. चार लोकांत देवाबद्दल बोलायला संकोचणारा बाप, आणि मोठे बूट घालून मिरवणारा मुलगा!

आता घर. डेडहॅममध्ये जोनाथननं १६३७ ते १६४१ च्या दरम्यान जे घर बांधलं ते आजही उभं आहे. उत्तर अमेरिकेत लाकडी सांगाड्याचं याहून जुनं घर शिल्लक नाही असं मानतात. आधी हे वय घरच्या परंपरेवर टेकलेलं होतं. मग तुळयांच्या लाकडाची वलयं मोजून झाडं कधी तोडली ते काढलं, तेव्हा परंपरा फारशी खोटी निघाली नाही. ओकाचे वासे, मधोमध विटांची भलीमोठी चिमणी, मागे जमिनीकडे लांब उतरत गेलेलं छप्पर. पुढच्या पिढ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना खोल्या जोडल्या. त्यामुळे समोरून पाहिलं तर मधलं घर दोन्हीकडच्या पाहुण्यांमध्ये चेपून बसल्यासारखं दिसतं. कोकणातल्या जुन्या घरांना पडव्या काढत जातात, तसंच. एका घराण्याच्या आठ पिढ्या या घरात राहिल्या.

या घराच्या लाकडावर वर्तुळात पाकळ्या काढल्यासारख्या खुणा कोरलेल्या आहेत आणि चिमणीपाशी दडवून ठेवलेले जोडे सापडले. दोन्ही कशासाठी, तर बाहेरची बाधा आत येऊ नये म्हणून. चिमणी म्हणजे कायम उघडं दार, तिथून काय शिरेल सांगता येत नाही. चर्चमध्ये चेटुकाविरुद्ध प्रवचन ऐकायचं आणि घरी येऊन चिमणीत जोडा ठेवायचा. दाराला लिंबू-मिरची बांधून आपण दुसऱ्यांना अंधश्रद्धाळू म्हणतो, त्यातलाच प्रकार.

इथपर्यंत मी 'नवी वस्ती', 'जमीन मिळाली' असं बोलत गेलो. ती जमीन रिकामी नव्हती. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी १६१६ ते १६१९ या काळात त्या किनाऱ्यावरची मूळ रहिवाशांची गावंच्या गावं ओस पाडली होती. जोनाथन उतरला त्या १६३३ साली पुन्हा देवीची साथ आली. वसाहतकऱ्यांना मोकळं रान दिसलं ते अशा मरणानंतरचं. डेडहॅमच्या प्रेमाच्या कराराला त्या लोकांची सही लागली नाही.

आपले जोनासराव पुढे बापाचं गाव सोडून आणखी पश्चिमेला, लँकेस्टर या सरहद्दीवरच्या गावात गेले. तिथे लिडिया प्रेस्कॉट या मुलीशी लग्न केलं. १६७५ मध्ये युद्ध पेटलं. मेटाकॉम हा वांपनोआग लोकांचा प्रमुख, इंग्रज त्याला 'किंग फिलिप' म्हणत. जमिनी जात होत्या, माणसांना इंग्रजांच्या कोर्टात खेचून फाशी दिलं जात होतं, शेवटी त्याच्या लोकांनी शस्त्र उचललं. १० फेब्रुवारी १६७६ या दिवशी लँकेस्टरवर हल्ला झाला. त्यात जोनास आणि त्याचा मुलगा जोशुआ दोघे मारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेटाकॉमही मारला गेला. त्याचं डोकं प्लिमथ गावात खांबावर लावलं, ते वर्षानुवर्षं तिथे होतं. त्याच्या मुलाला गुलाम म्हणून विकलं. फेअरबँक्सांची वंशावळ पुढे शेकडो पानं चालते. मेटाकॉमच्या मुलाची तिथेच तुटते.

डेडहॅमच्या घरात मोठ्या भावाचा, जॉनचा वंश राहिला. शेतकरी माणसं. शंभर-सव्वाशे वर्षं सांगण्यासारखं काही नाही, आणि ते बरंच असतं.

मग १८०१ साल. घरातला एकवीस वर्षांचा मुलगा जेसन. लहानपणी देवीची लस टोचून घेतली तेव्हापासून त्याचा उजवा हात अधू झालेला, तब्येत तोळामासा. शेजारच्या एलिझाबेथ फेल्सवर त्याचं मन बसलेलं. तिच्या घरच्यांना हे पसंत नव्हतं. १८ मेच्या दुपारी जेसन रक्तानं माखून तिच्या आईवडिलांच्या दारात आला आणि म्हणाला, तिनं स्वतःला संपवलं, मीही प्रयत्न केला. एलिझाबेथ अठरा वर्षांची होती. अंगावर सुऱ्याचे अनेक वार, त्यातले काही तिचे तिला करता आले नसते अशा जागी. ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. गर्दी एवढी की कोर्टाची जागा पुरेना, कामकाज चर्चच्या इमारतीत हलवावं लागलं. वकील नामांकित होता, अधू हाताचा मुद्दा त्यानं मांडला, पण शिक्षा फाशीची झाली. मग मित्र-नातलगांनी जेसनला तुरुंगातून पळवलं. कॅनडाची सरहद्द जवळ आली असताना तो न्यूयॉर्क राज्यात सापडला. १० सप्टेंबरला डेडहॅमच्या गावमैदानावर हजारो लोकांसमोर फाशी.

श्रोतेहो, हे सगळं आज त्या घराच्या इतिहासात उघड सांगितलं जातं. आमच्या कुलवृत्तांतात एका चुलत पणजोबांपुढे फक्त 'अल्पवयात निवर्तले' असं आहे. त्यांचं खरं काय झालं ते आमच्या आत्याला माहीत होतं. तिनं ते सांगितलं नाही आणि आता ती नाही.

जोनाथनचे वंशज तोवर पांगले होते. व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरी गावी थॅडियस फेअरबँक्स हा यंत्रांची हौस असलेला माणूस होता. त्याच्या भावाबरोबरच्या धंद्यात शेतकऱ्यांकडून तागासारखं एक पीक घ्यायचं होतं. ते गाडीभर येई आणि मोजायचं कसं हा प्रश्न. जुन्या पद्धतीत अख्खी गाडी साखळ्यांनी वर टांगावी लागे, तरीही वजन अंदाजपंचे. थॅडियसनं जमिनीत खड्डा करून वर फळी टाकली, खाली तरफांची अशी जोडणी केली की फळीवर ओझं कुठेही ठेवा, काटा तेच वजन दाखवेल. १८३१ मध्ये पेटंट मिळालं. हे काटे जगभर गेले. आज आपल्याकडे साखर कारखान्याच्या फाटकावर उसाची गाडी ज्या काट्यावर चढते, त्याचं मूळ या कल्पनेत आहे. 'काटा मारणं' ही कला मात्र थॅडियसची नाही, ती आपण स्वतंत्रपणे विकसित केली.

थॅडियसचा भाऊ इरॅस्टस व्हरमाँटचा गव्हर्नर झाला, पुढे इरॅस्टसचा मुलगा होरेसही. गावाला त्यांनी वाचनालय दिलं, संग्रहालय दिलं. दुसऱ्या शाखेतला चार्ल्स वॉरन फेअरबँक्स १९०५ ते १९०९ या काळात अमेरिकेचा उपाध्यक्ष होता, थिओडोर रूझवेल्टच्या हाताखाली. उपाध्यक्ष म्हणून त्यानं काय केलं ते लोकांच्या लक्षात नाही, पण अलास्कातल्या एका सोन्याच्या वस्तीला त्याआधीच त्याचं नाव दिलं गेलं होतं. आजचं फेअरबँक्स शहर ते हेच.

आणि हे आडनाव आपल्या नगर जिल्ह्यातही नांदून गेलंय. सॅम्युअल बेकन फेअरबँक, जन्म १८२२, कनेटिकट राज्यातला. शेवटचा 'स' यांच्याकडे नाही, अशी आडनावाची दोन्ही रूपं तिकडे चालतात. १८४६ मध्ये हा मुंबईत उतरला तो अमेरिकन मराठी मिशनसाठी. नगर, मुंबईचा छापखाना आणि मग नेवासे तालुक्यातलं वडाळा असं त्याचं आयुष्य इथेच गेलं. धर्मप्रचार करता करता हा पक्षी पाहात हिंडायचा. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव भागातल्या पक्ष्यांची यादी त्यानं छापली. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरात एक खापरी रंगाचा, पांढऱ्या भुवईचा, झुडपांत खिदळत फिरणारा पक्षी आहे. ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यातलं दुसरं पद 'फेअरबँकी'. ते याच फेअरबँकवरून.

आता परत डेडहॅमला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या घरात एकटी रिबेका फेअरबँक्स उरली होती. लग्न केलेलं नाही, पैसा बेताचा, घर मोठं, छप्पर गळकं. १८९२ मध्ये घरावर वीज पडली. रिबेका वाचली, तिचा कुत्रा पलंगाखाली मेला. पुढे तिला घर विकावं लागलं. ते पाडलं जाणार अशी चिन्हं दिसू लागल्यावर बॉस्टनच्या एका आई-मुलीनं ते विकत घेतलं, त्या दोघी फेअरबँक्स नव्हेत. मधल्या काळात, १८९७ मध्ये, घराण्यातल्याच एकानं जाडजूड वंशावळ छापली होती. ती वाचून देशभरच्या फेअरबँक्सांना कळलं की आपण सगळे जोनाथनचे. मग मेळावे भरले, संस्था निघाली, आणि घर संस्थेच्या ताब्यात आलं. तेव्हापासून तिथे संग्रहालय आहे, उन्हाळ्यात उघडतं, घराण्याची माणसं तिथे जमतात.

घर विकल्यावरही रिबेका १९०४ पर्यंत तिथेच राहिली. शेवटची काही वर्षं लोक घर पाहायला यायचे, तेव्हा सत्तरी ओलांडलेली ही बाई स्वतः त्यांना खोल्या दाखवायची. ही तुळई, ही चूल, आणि इथे वीज पडली.