कस्टर्डची कुरकुरीत वडी : एअर फ्रायर आणि पाण्याचा हिशेब

[दृश्य : बेळगावच्या शहापुरातलं एक स्वयंपाकघर. बाहेर आषाढातला पाऊस. एअर फ्रायरचा खण बाहेर ओढला जातो.]

निवेदन :

बारा वड्या आत गेल्या होत्या. नऊ चांगल्या निघाल्या, बदामी आणि खरपूस. तीन फुटल्या. एकीच्या कोपऱ्यातून पिवळं कस्टर्ड उकळून बाहेर आलंय आणि जाळीवर करपलंय. खायला त्याही वाईट नाहीत, पण पाहुण्यांच्या ताटात जाण्यासारख्या नाहीत. तर आधी या तीन वड्यांचंच बघू, कारण सगळा पदार्थ त्यांच्यातच कळतो.

बेळगावच्या माणसाला कुरकुरीत गोड म्हटलं की आधी मांडे आठवतात. खापरावर भाजलेला मांडा घडी घालून ठेवला तरी कितीतरी दिवस तसाच राहतो, कारण त्यात पाणी उरलेलंच नसतं. कस्टर्डच्या वडीचं उलटं आहे. आतला गाभा जवळजवळ सगळा दूध, म्हणजे पाणीच. बाहेर बोटाच्या पेराइतकंसुद्धा जाड नसलेलं कवच. आतलं पाणी सतत बाहेर यायला बघतं. ते कवचात मुरलं तर कवच मऊ पडतं, वाफ होऊन जोरात आलं तर कवच फुटतं. इथून पुढे जे जे करायचं, ते या पाण्याला जागेवर बसवण्यासाठी.

कल्पना नवी नाही. उत्तर स्पेनमध्ये दूध, साखर आणि पीठ आटवून वड्या पाडतात, तळतात. त्याला तिकडे ‘तळलेलं दूध’ असंच नाव आहे. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात शुंदे भागातही तळलेलं दूध करतात. कस्टर्ड पावडर मात्र इंग्लंडची. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे डब्यातली पिवळी पावडर ही मुळात मक्याचं स्टार्च, रंग आणि वास. अंडं तिच्यात नसतंच. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ती इतकी रुळली, त्याचं एक कारण हेही असावं.

[दृश्य : वजनकाटा. वाट्या एकेक करून काट्यावर.]

साहित्य वजनाने घ्या. चमच्याने घेतलं तर इथेच चुकतं. शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

सायीसकट दूध 500 मिलिलिटर. म्हशीचं असेल तर उत्तम. पिशवीचं असेल तर 6 टक्के स्निग्धांशाचं, फुल क्रीम. साखर 75 ग्रॅम. कस्टर्ड पावडर 30 ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, मिळून 70. फळं घालून खायच्या कस्टर्डला अर्ध्या लिटरला 20 ते 25 ग्रॅम पावडर पुरते. वडी पडायला त्याच्या तिप्पट स्टार्च लागतं. मग सगळी कस्टर्ड पावडरच का नको? कारण 70 ग्रॅम पावडरीचा व्हॅनिलाचा वास डोक्यात जातो आणि रंग हळदीच्या वर जातो.

यातलं पाव भाग दूध, 125 मिली, गारच बाजूला काढा आणि दोन्ही पावडरी त्यात कालवा. गरम दुधात पावडर थेट टाकली की प्रत्येक गोळीचं बाहेरचं स्टार्च लगेच फुगतं, आतल्या कोरड्या पिठाला पाणी पोचत नाही. तीच गुठळी. नंतर कितीही घोटा, ती मोडत नाही. फार तर गाळून काढता येते.

उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून तापवा. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बारीक करा. कालवलेलं दूध पुन्हा एकदा ढवळून घ्या, कारण स्टार्च तळाशी बसलेलं असतं, आणि धार धरून ओता. दुसरा हात थांबता कामा नये.

[दृश्य : पातेल्याचा जवळून घेतलेला तुकडा. मिश्रण एकदम दाटतं.]

आता घाई नडते. मिश्रण 70 अंशांच्या आसपासच दाट व्हायला लागतं आणि झालं असं वाटतं. झालेलं नसतं. स्टार्चचे सगळे कण फुगून फुटायला पंचाण्णवच्या पुढे जावं लागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, म्हणून इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. म्हणजे हाताशी फरक उरतो दोन-अडीच अंशांचा. थर्मामीटर नसेल तर खूण एकच : ज्वालामुखीसारखे जड बुडबुडे भक् भक् फुटायला लागले पाहिजेत. पहिला बुडबुडा फुटल्यापासून घड्याळ लावून 3 मिनिटं, बारीक आचेवर, सपाट उलथन्याने तळ खरवडत. उलथनं ओढल्यावर पातेल्याचं बूड दोन सेकंद उघडं राहिलं की उतरवा. या तीन मिनिटांत दोन मिनिटं वाचवली, तर वडी चाकूला चिकटते, जिभेला पिठूळ लागते आणि फ्रिजमध्ये कडेने पाणी सोडते.

बूड लागलंच, तर तिथलं खरवडू नका. वरचं हलकेच दुसऱ्या भांड्यात ओता.

कुणी अंड्याचा बलक घालतात. घाला, पण मग उकळी जास्तच महत्त्वाची. बलकात स्टार्च तोडणारं एक विकर असतं. ते उकळीने मेलं नाही, तर रात्री घट्ट ठेवलेलं कस्टर्ड सकाळी पुन्हा वाहायला लागतं.

18 सेंटिमीटरचा, म्हणजे सात इंची, चौकोनी केकचा डबा तुपाचं बोट लावून तयार ठेवा. मिश्रण गरम असतानाच ओता आणि डबा ओट्यावर दोनदा आपटा. थर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास येतो. यापेक्षा पातळ वडीचा आतला गाभा वाफाळून फुटतो. जाड वडी बाहेरून लाल होते आणि आतून फ्रिजइतकी गार राहते. वर तूप लावलेला बटर पेपर थेट चिकटवा, नाहीतर साय धरते. निवू लागलं की ढवळायचं नाही, कितीही मोह झाला तरी. निवताना स्टार्चची जाळी विणली जात असते. ती मोडली की पुन्हा तशी बसत नाही. पाऊण तास बाहेर, मग फ्रिजमध्ये किमान 4 तास. रात्रभर ठेवलं तर फारच छान.

फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नव्हे. गोठवलं की स्टार्चच्या जाळीतलं पाणी बर्फ होऊन सुटं पडतं, आणि वितळताना वडी स्पंजासारखी गळते. सुरुवातीच्या तीन फुटलेल्या वड्यांपैकी दोन अशाच होत्या, आधीच्या घाण्यातून उरलेल्या आणि रात्रभर फ्रीझरमध्ये राहिलेल्या. कापलेल्या वड्या घोळण्याआधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त पृष्ठभाग कडक होण्यापुरत्या.

[दृश्य : बेकरीचं काउंटर. काचेच्या बरणीत टोस्ट. मग खलबत्ता.]

कवचासाठी चुरा लागतो, 150 ग्रॅम. बाजारात ब्रेडक्रम्सची पाकिटं मिळतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही गावच्या बेकरीतला टोस्टही चालतो आणि चव त्याची सरस. जिऱ्याचा तेवढा नको. एक लक्षात ठेवा : टोस्ट गोड असतो, आणि साखर पावापेक्षा लवकर लाल होते. पावाच्या चुऱ्याला 200 अंश, टोस्टच्या चुऱ्याला 190. चुरा अगदी पिठासारखा करू नका. रव्यापेक्षा जाड, साबुदाण्यापेक्षा बारीक.

पावसाळ्यात चुरा कढईत कोरडा परतून घ्यावाच लागतो. खानापूरकडच्या पावसात उघडा राहिलेला टोस्ट दोन तासांत सादळतो, आणि सादळलेला चुरा कवचाला आपणहून पाणी देतो.

परततानाच 30 ग्रॅम पातळ तूप घाला आणि फिकट सोनेरी होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, हलवत राहा. एअर फ्रायरमध्ये पदार्थ फिका येतो ही सगळ्यांची तक्रार असते, तिचं मूळ इथं आहे. यंत्रात वर एक तापणारी कॉइल आणि तिच्यामागे पंखा. गरम वारा टोपलीतून वेगाने फिरतो. नाव फ्रायर असलं तरी जात भट्टीची. नेदरलँड्सच्या फ्रेड फान डर वाय यांनी ही रचना विकसित केली आणि 2010 मध्ये फिलिप्सने ती बाजारात आणली. तेलाच्या कढईत पदार्थाच्या प्रत्येक कणाला तेल भिडतं, वाऱ्याला ते जमत नाही. कोरडा चुरा वाऱ्यात वाळतो, पण तळल्यासारखा होत नाही. तूप आधीच कणाकणाला लागलं, की काम अर्धं झालेलं असतं.

ओलं पीठही म्हणूनच चालत नाही. भज्याच्या पिठात बुडवून वडी टोपलीत ठेवली तर पीठ बसायच्या आधी जाळीतून खाली ठिबकतं, आणि उरलेलं वारा ढकलत नेतो.

तर थर तीन. 4.5 बाय 3 सेंटिमीटरच्या 24 वड्या पाडा. चाकू दर कापाला पुसा. पहिला थर कोरडं कॉर्नफ्लोअर, 20 ग्रॅम पुरतं. फ्रिजमधून काढलेल्या वडीला दव सुटतं, ते हे पीठ टिपतं. हा थर चुकवला तर कवच सालीसारखं अख्खं निघून येतं. दुसरा थर, 50 ग्रॅम मैदा, 15 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि 100 मिली पाण्याची पेज. मठ्ठ्यापेक्षा दाट, भज्याच्या पिठापेक्षा पातळ. तिसरा, चुरा. तळव्याने हलकं दाबा, कडा आणि कोपरे नीट बघा. मग कडा आणि कोपरे पुन्हा पेजेत टेकवून पुन्हा चुऱ्यात. तिसरी फुटलेली वडी कोपऱ्यातच उघडी होती. टाचणीच्या डोक्याएवढी जागा पुरते. मोकळा चुरा झटकून टाका, नाहीतर पंखा तो उडवून वरच्या कॉइलवर नेतो आणि घरभर जळका वास सुटतो.

[दृश्य : एअर फ्रायरवर तापमान लावलं जातं.]

यंत्र रिकामं 4 मिनिटं तापवा. चार लिटरच्या टोपलीत 10 ते 12 वड्या, दोघींमध्ये बोटभर जागा सोडून. दाटीने ठेवल्या तर एकीची वाफ दुसरीला लागते. खाली पूर्ण कागद अंथरू नका, वारा अडतो. अंथरायचाच तर भोकांचा. वरून ब्रशने तुपाचा हलका हात. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल टाळा, त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर टोपलीच्या नॉनस्टिकवर बसतो आणि निघत नाही.

टोस्टचा चुरा असेल तर 190 अंशांवर 4 मिनिटं, उलटून आणखी 3. पावाचा असेल तर 200 वर तेवढाच वेळ. सातव्या मिनिटानंतर दर अर्ध्या मिनिटाला बघायचं. रंग येत नाही म्हणून दहा-बारा मिनिटं नेऊ नका. तोवर उष्णता मध्यापर्यंत पोचते, गाभ्यातलं पाणी वाफ व्हायला लागतं, आणि पुढे काय होतं ते सुरुवातीला दिसलंच. आच मोठी, वेळ थोडा.

सीमाभागातल्या खेड्यांत, संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा, एक वेगळीच अडचण येते. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाने घटते. 230 व्होल्टऐवजी 200 मिळाले, तर 1500 वॉटचं यंत्र साधारण 1130 वॉटवर चालतं, म्हणजे चौथाई आच गेली. यंत्रावरचा तापमानाचा आकडा 200 अंशच दाखवतो, पण गार वड्या आत ठेवल्यावर खाली आलेलं तापमान परत चढायला वेळ लागतो. अशा वेळी तापवायला 4 ऐवजी 7 मिनिटं द्या आणि एका वेळी सहाच वड्या ठेवा. वेळ वाढवण्यापेक्षा वड्या कमी करणं कधीही बरं. प्लग सोळा अँपियरचा हवा, एक्स्टेंशनच्या वायरवर हे यंत्र नको. बिलाची काळजी नको : तापवण्यासकट दोन्ही घाण्यांची वीस मिनिटं धरली तरी फार तर अर्धा युनिट.

[दृश्य : वड्या जाळीवर काढल्या जातात.]

बाहेर काढल्या की ताटात नको, जाळीवर. ताटात खालची वाफ कोंडते आणि तळ ओला होतो. चार मिनिटं थांबा; आतलं कस्टर्ड कवचापेक्षा जास्त वेळ गरम राहतं, आणि जीभ पोळते. पिठीसाखर, वेलची, जायफळ आत्ता भुरभुरायचं, चुऱ्यात आधी मिसळलं तर करपतं.

बेळगावात हे करायचं आणि कुंद्याला, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या इथल्या मिठाईला, विसरायचं, हे काही बरं नाही. उतरवलेल्या कस्टर्डमध्ये 75 ग्रॅम कुंदा मोकळा करून हलक्या हाताने फिरवा आणि साखर 75 वरून 45 वर आणा. दूध आटवून आटवून आलेली तपकिरी खमंग चव त्या व्हॅनिलाला सावरते, आणि दाणे दाताखाली येतात. साध्या वडीपेक्षा ही खरं तर उजवी. मात्र कुंद्यातली साखर हळूहळू कस्टर्डचं पाणी ओढते, म्हणून या वड्या त्याच दिवशी संपवा. गूळ घालायचा विचार असेल तर उकळत्या दुधात घालू नका, दूध फाटण्याची भीती असते.

घोळलेल्या पण न भाजलेल्या साध्या वड्या फ्रिजमध्ये, उघड्या जाळीवर, दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. भाजलेल्या उरल्या तर 180 अंशांवर 3 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कवचाचा लगदा होतो. कवच अर्धा तास टिकतं, पावसाळ्यात वीस मिनिटं. म्हणून दुसरा घाणा पाहुणे दारात चपला काढायला लागले की लावा.