वाळूच्या पोटातलं पाणी

(कोरडं नदीपात्र. पहाट.)

ही नदी आहे. पाऊस कोसळून गेला की काही तास दुथडी वाहते, आणि मग महिनोन्‌महिने अशीच पडून असते. शेळ्या, गाढवं, शाळेला निघालेली पोरं, सगळ्यांची वाट या पात्रातूनच जाते.

आग्नेय केनियातला हा उकांबानी प्रदेश, कांबा लोकांचा. माचाकोस, माकुएनी, किटुई हे इथले जिल्हे. पावसाळे वर्षातून दोन. मार्च ते मे एक आणि ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरा. लोकांची भिस्त दुसऱ्यावर. तो हुकला की वर्ष अवघड.

(बाई वाळू उकरते आहे.)

आपल्याकडे याला झिरा म्हणतात. या बाईंचा झिरा आता कमरेइतका खोल गेलाय. तळाशी वाडगाभर पाणी जमायची वाट बघायची, ते कॅनमध्ये ओतायचं, पुन्हा वाट बघायची. पिवळा कॅन वीस लिटरचा. भरला की पाठीवर, आणि त्याचा पट्टा कपाळावर.

(इथे निवेदन नको. कॅन भरेपर्यंत दृश्य चालू द्यावं.)

(दगडांची रास. माणसं, बहुतेक बायका.)

ही रास नीट बघा. वाळूच्या बंधाऱ्यासाठी आहे ती, म्हणजे पात्रात आडव्या घालायच्या भिंतीसाठी. इथे अजून सिमेंटचं एक पोतंही आलेलं नाही. आधी गटाने दगड जमवायचे, रेती जमवायची, उतारावरच्या शेतांत ताली, म्हणजे मातीचे बांध, घालायच्या. सिमेंट, सळई आणि मोजमाप करणारा जाणकार बाहेरून येतो, तो त्यानंतर. मदतीची ही रीत आम्हाला मनापासून पटली. बंधारा आपला आहे हे गावाला कुणी येऊन सांगावं लागत नाही.

कांबा भाषेत याला शब्द आहे, म्वेथ्या. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. 1978 मध्ये जोशुआ मुकुस्या यांनी माचाकोसमधल्या उटूनी इथे शेजारीपाजारी गोळा केले आणि याच जुन्या रीतीवर वाळूचे बंधारे बांधायला घेतले. तरुणपणी स्वयंसेवक म्हणून केनियात आलेले सायमन मॅड्रेल हे ब्रिटिश गृहस्थ त्यांना भेटले. पुढे 2002 मध्ये मॅड्रेल यांनी ब्रिटनमध्ये ‘एक्सलंट डेव्हलपमेंट’ ही छोटी धर्मादाय संस्था काढली, ती याच कामाला हातभार लावायला.

(उतारावरच्या ताली.)

या तालींना इथे ‘फान्या जू’ म्हणतात, म्हणजे ‘वर टाक’. समपातळीवर चर खणायचा आणि माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. बांधावर गवत लावायचं. शेतातली माती शेतात राहिली, तरच बंधाऱ्यामागे गाळाऐवजी वाळू साचते.

(बांधकाम.)

पात्रात खणत खणत कातळापर्यंत जायचं. कातळ लागला नाही तर ती जागा सोडायची, कारण पाणी भिंतीखालून निघून जाईल. कातळावर लाकडी फळ्या उभ्या करायच्या, आत सळया आणि काटेरी तार. मग माल कालवायचा, आणि दगड एकेक करून त्यात बसवायचे. घमेली हातोहात सरकताहेत. बांधकामावरच्या घमेल्याला इथे ‘कराई’ म्हणतात. आपल्या कढईचीच ही बहीण, भारतातून गेलेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून आलेली.

(रांग. घमेली. गाणं मोठं होतं, निवेदन थांबतं.)

भिंत उभी राहिली की पुढचं काम नदीचं. पूर येतो, जड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ वरून वाहून जातो. एक ते तीन-चार पावसाळ्यांत मागचं पात्र काठोकाठ वाळूने भरतं. या साठ्याचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पाणीच असतं. वाळूत दोन-तीन फूट खाली उन्हाची झळ पोचत नाही. उघडं पाणी नाही, म्हणून डासही नाहीत. आणि बंधारा पुराचा अगदी थोडा भाग अडवतो. बाकीचं पाणी खालच्या गावांकडे जातं.

(रोपवाटिका, भाजीचे वाफे, हातपंप.)

पाणी जवळ आलं की वाफे होतात, रोपं होतात, मुली वेळेवर शाळेत पोचतात.

(जुना बंधारा.)

हा बंधारा आधीचा, भरलेला. भिंतीचा आता फक्त काठ दिसतो. मागे दूरवर सपाट वाळू.

या आजी गुडघ्यांवर बसल्या आहेत. फावडं आणलेलं नाही, हातानेच उकरताहेत. खड्डा कोपरापर्यंत गेलाय.

(वाळू ओली होते. पाणी वर येतं. आजींचा चेहरा. निवेदन नाही.)